तोंडाने ‘मान्य’ म्हणा

रफूताईचा नेम सगळ्या गल्लीला पाठ होता. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत ती एक अक्षर बोलत नसे. लिहूनही काही सांगत नसे, कारण लिहून बोलणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, असं तिचं मत. नवऱ्याचं लाँड्रीचं दुकान होतं. सकाळी गिऱ्हाईक तो सांभाळायचा आणि ती आतल्या खिडकीशी बसून फाटक्या कपड्यांना रफू करायची. बारा वाजले की मात्र तिच्या तोंडाला असा काही पूर यायचा की नवरा हळूच इस्त्रीच्या टेबलाकडे सरकायचा.

नेम धरला त्याला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी एक तरुण जुनाट सदरा घेऊन आला. तिने तो उजेडात धरला आणि फटकन म्हणाली, “याला रफू कसलं करताय? फरशी पुसायला घ्या.” तरुणाने सदरा परत घेतला. सदऱ्याची घडी घालताना एवढंच म्हणाला, “वडिलांचा होता. मागच्याच महिन्यात गेले.” तिने सदरा हिसकावून घेतला, तीन दिवस बसून असा रफू केला की भोक कुठे होतं ते शोधून सापडू नये. पण शब्दाने पाडलेलं भोक तसंच राहिलं. मग तिने देवापुढे हात जोडले आणि ठरवलं की निदान अर्धा दिवस तरी आपल्या जिभेपासून लोकांना सुट्टी.

तिला बुद्धिबळ शिकवलं सासऱ्यांनी. त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गल्लीतल्या निम्म्या पाट्यांवर त्यांचंच अक्षर होतं, आणि त्या पाट्या आता त्यांनाच वाचता येत नव्हत्या. डोळ्यांत इतकं धुकं दाटलं होतं की पटावरचा उंट कुठला आणि प्यादं कुठलं, हे चाचपल्याशिवाय कळत नसे. गल्लीतल्या बुद्धिबळ मंडळाच्या संघात एकोणीस वर्षं चौथी खुर्ची त्यांची होती. त्यांचं टोपणनाव बरोबरीबुवा. जिंकणं त्यांना फारसं जमलं नाही, पण हरवायला गेलेला माणूसही घामाघूम होऊन अर्धाच गुण घेऊन परतायचा. त्यांच्या वहीत बरोबरीत सुटलेले डाव उतरवलेले होते, आणि त्यातही ज्यांत कुणी शेवटी वजीर देऊन डाव वाचवला, त्यांच्याभोवती लाल चौकट. दुपारी सून ती वही वाचून दाखवायची आणि सासरे पटावर बोटं फिरवत ऐकायचे.

“जिंकायचं म्हणून वजीर कुणीही देईल, सूनबाई,” ते म्हणायचे. “पुढे जेवण मिळणार म्हटल्यावर उपास करायला काय जातं? पण नुसतं जिवंत राहायचं म्हणून वजीर द्यायचा, त्याला काळीज लागतं.”

“बाबा, काळीज राहू द्या. आधी मला घोडा नीट चालवायला शिकवा,” असं ती म्हणायची. अर्थात बारानंतर.

दोन वर्षांत ती घोडा काय, सगळा तबेलाच चालवायला शिकली. यंदा मंडळाच्या निवड स्पर्धेत गोष्ट अशी येऊन ठेपली की पहिल्या तीन खुर्च्या ठरल्या होत्या, आणि शेवटच्या डावात अर्धा गुण मिळाला की चौथी खुर्ची रफूताईची. हरली तर औषधांच्या दुकानवाल्याची. संघ दुसऱ्या गावी पाच दिवसांच्या सामन्यांना जाणार होता, आणि प्रत्येक खेळाडूला घरचं एक माणूस बरोबर नेता येत होतं. तिला खुर्ची हवी होती ती सासऱ्यांना नेण्यासाठी. सासऱ्यांनी कधी तोंडाने मागितलं नाही. पण एकदा भाजी निवडताना ते सहज म्हणून गेले होते, “पन्नास घड्याळं एकदम टिकटिक करतात ना त्या सामन्यांच्या दालनात, तो आवाज दुसरीकडे कुठे नाही.” ते बोलून गेले आणि तिने निवडलेली भाजी देठांत टाकली.

शेवटचा डाव संध्याकाळी व्हायचा होता. आदल्या दिवशी सकाळी मंडळाचे पंच दुकानात आले. ते पूर्वी वजनमापे तपासायच्या नोकरीत होते. निवृत्त झाले, पण तराजू काही हातातून सुटला नाही, म्हणून सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत.

“ताई, उद्या संध्याकाळी खोलीला रंग लावायला माणसं येताहेत,” ते म्हणाले. “तुमचा डाव सकाळी दहाला घेतो. काही हरकत?”

रफूताईने जोरजोरात मान हलवली. नको, सकाळी नको.

“हरकत नाही. छान,” म्हणत काटेसाहेबांनी वहीत टिपून घेतलं आणि निघून गेले. बारा वाजता ती धावत मंडळात पोचली, तोवर फळ्यावर खडूने वेळ लागली होती. आणि फळ्यावर लागलेलं काटेसाहेब देवाच्या बापासाठीही पुसत नसत.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती काळ्या सोंगट्यांमागे जाऊन बसली. समोर घड्याळजी. हा गल्लीतला घड्याळं दुरुस्त करणारा, गोल चेहऱ्याचा, हसतमुख गडी. त्याची दुसरी खुर्ची आधीच पक्की होती, तेव्हा या डावात त्याला ना घेणं ना देणं. बाजूच्या बाकावर औषधवाला हाताची घडी घालून बसला होता आणि कोपऱ्यात, खिडकीखाली, काठीवर हनुवटी टेकून सासरे.

दोघांच्याही घड्याळात एकेक तास. घड्याळजी भराभर खेळायचा. वीस मिनिटांत बाराएक चाली झाल्या आणि त्याने खुर्चीला पाठ टेकली.

“ताई, काय उगाच डोकं शिणवायचं? बरोबरी?”

रफूताईला वाटलं, देव गोल चेहऱ्याचा असतो. तिने हसून मान डोलावली. एकदा नाही, चार वेळा. हातही पुढे केला.

“थांबा,” काटेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर मंडळाच्या नियमांची पाटी होती. सातवा नियम ठळक लाल अक्षरांत: “बरोबरीचा प्रस्ताव तोंडाने ‘मान्य’ म्हटल्याशिवाय मान्य धरला जाणार नाही. मान, हात किंवा भुवया यांची हालचाल ग्राह्य नाही.”

“अहो, ती बोलत नाही सकाळी, तुम्हाला माहीत आहे की!” घड्याळजी म्हणाला.

“मला माहीत आहे. पाटीला माहीत नाही.”

“हा कुठला अडाणी नियम? कुणी केला?”

कोपऱ्यातून सासरे खाकरले. “मी,” ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. “पंधरा वर्षं झाली,” सासरे ओशाळून म्हणाले. “माझी मान अवघडली होती. मी नुसती इकडून तिकडे मोकळी केली, तर समोरचा म्हणाला, तुम्ही बरोबरीला हो म्हणालात. मी म्हटलं, मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मान हलवलीत. मी म्हटलं, दुखत होती. दोन महिने भांडण चाललं. शेवटी मीच अडून बसलो की नियम करा. आणि पाटीही मीच रंगवली. लाल रंग माझ्या पदरचा.”

“आणि भुवया?” घड्याळजीने विचारलं.

“भुवया सावधगिरी म्हणून.”

“प्रेक्षकांनी बोलू नये,” काटेसाहेब म्हणाले. “डाव चालू. ताई, तुमचं घड्याळ पळतंय.”

डाव पुढे सरकला. पाच चालींनी घड्याळजीने पुन्हा विचारलं, “बरोबरी?” रफूताई त्याच्याकडे नुसती बघत राहिली. गाय कसायाकडे बघत नाही इतक्या केविलवाण्या नजरेने.

“एकच शब्द, ताई,” घड्याळजी पुढे वाकून कुजबुजला. “अडीच अक्षरांचा. देव काय वर घड्याळ लावून बसलाय? आणि बसला असेल तर दुरुस्तीला माझ्याकडेच येईल, मी सांगेन त्याला.”

ती हसली. पण ओठांशी शब्द येऊन ठेपला होता, हे तिचं तिलाच ठाऊक. ‘मान्य’. एवढंच. स्वतःसाठी थोडंच मागते आहे मी? म्हाताऱ्या माणसासाठी. देव माफ करेल. करेलच. आणि तिच्या मनात आलं की माफ तर तो करेल, पण मग उद्या सकाळी मी गप्प बसेन ते कशाने? ज्या दिवशी बोलून फायदा नाही त्या दिवशी पाळायचा, याला नेम म्हणत नाहीत, सोय म्हणतात. तिने ओठ मिटले ते इतके घट्ट की हनुवटीला खळी पडली.

कोपऱ्यातल्या माणसाला ती खळी दिसणं शक्य नव्हतं. तरी तिथून आवाज आला, “सूनबाई, माझ्यापायी नेम मोडशील तर मी त्या बसची पायरीही चढणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“प्रेक्षकांनी—”

“बोलू नये. बोलून झालं माझं.”

नुसत्या सोंगट्या मागेपुढे करून वेळ काढावा, तर त्यावरही आठवा नियम होता. संगनमत दिसलं तर दोघांनाही शून्य. मग तिने दुसरी युक्ती केली. बारापर्यंत डाव ताणायचा. एकेका चालीला ती पाच-पाच, सात-सात मिनिटं घेऊ लागली. पण दोघांनी आपापला सगळा तास वापरला तरच बारा वाजणार होते, आणि घड्याळजी तर चाल करून घड्याळाची कळ अशी दाबायचा जशी माशी मारतोय. अकरा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा तिच्या घड्याळात जेमतेम आठ मिनिटं उरली होती आणि त्याच्या घड्याळात सत्तेचाळीस. ती वेळ काढायला गेली आणि वेळच संपवून बसली. घाईत एक हत्ती गेला, मग घोडा, मग एक प्यादं.

तिसऱ्यांदा घड्याळजीने विचारलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. “बरोबरी, ताई? शेवटचं विचारतो.” उत्तर येणार नाही हे कळत असूनही तो क्षणभर थांबला. मग त्याने पटाकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत तो उजेड आला जो बंद पडलेलं घड्याळ उघडल्यावर नेमका दोष सापडला की यायचा. डाव तो जिंकत होता! आता त्याला ना नेम दिसत होता, ना ताई. बाह्या सरसावून तो कामाला लागला. बाकावर औषधवाल्याने हाताची घडी सोडली आणि मांडीवर ताल धरला.

सोंगट्या झडत झडत शेवटी पट उघडा पडला. तिचा राजा आपल्या कोपऱ्यात. त्याच्या पुढ्यात त्याचंच प्यादं, आणि त्या प्याद्याच्या नाकाला नाक लावून घड्याळजीचं प्यादं उभं. पलीकडच्या टोकाला तिचं आणखी एक प्यादं, तेही तसंच समोरच्याने अडवलेलं. बाकी तिच्याकडे होता फक्त वजीर, शत्रूच्या अगदी शेवटच्या ओळीत भटकत पोचलेला. घड्याळजीकडे वजीर होता, वर एक प्यादं असं पुढे धावलेलं की दोन घरं चाललं की त्याचाही वजीर होणार.

आणि घड्याळजीने आपला वजीर उचलून थेट आपल्या राजाच्या खांद्याशी आणून ठेवला. तिथून त्याची नजर सरळ पटाच्या या टोकापर्यंत, तिच्या राजाच्या शेजारच्या रांगेत. पुढच्या चालीला मात. आणि तिचा वजीरही त्याच्या माऱ्यात.

“आता बोला,” तो म्हणाला आणि जीभ चावली. “म्हणजे... खेळा.”

चार मिनिटं. तिने वजिराला वजीर मारून पाहिला, मनातल्या मनात. राजा तो परत मारणार, आणि ते धावलेलं प्यादं वजीर होणार. गेलं. वजीर बाजूला पळवला तर मात. गेलं. तीन मिनिटं. राजा हलवावा? त्याच्या शेजारची दोन्ही घरं घड्याळजीच्या वजिराच्या नजरेखाली. पुढचं प्यादं? अडलेलं. लांबचं प्यादं? तेही अडलेलं. माझं म्हणून हलू शकेल असं या पटावर आहे तरी काय, तिने स्वतःला विचारलं. एक वजीर. बाकी सगळं शिवून टाकल्यासारखं घट्ट.

ती चमकली. रफू करताना कधी कधी जुळता धागा बाजारात मिळत नाही. मग त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढायचा. कापडाचं थोडं जातं, पण कापड राहतं. इथे ओढून काढायला एकच धागा होता. तो निघाला की तिच्याकडे चालच उरत नव्हती. आणि राजाला शहसुद्धा नव्हता.

दोन मिनिटं. तिने पुन्हा एकदा मोजलं, सुईचे टाके मोजावेत तसं. मग वजीर उचलला, शेवटच्या ओळीतून सरकवत नेला आणि घड्याळजीच्या राजाच्या अंगाला अंग लावून ठेवला. शह.

“फुकट?” घड्याळजी चक्रावला. त्याने राजाच्या पळण्याची घरं पाहिली. एक त्याच्याच प्याद्याने अडवलेलं, एक त्याच्याच वजिराने, उरलेली तिच्या वजिराच्या माऱ्यात. मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. राजाने मारला काय आणि वजिराने मारला काय. तो मात्र खुशीत होता. राजाने वजीर मारला, कळ दाबली आणि खुर्चीत मागे रेलला.

रफूताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शांत बसली.

“ताई, चाला. दीड मिनिट राहिलंय,” औषधवाला राहवेना म्हणून बोलला.

ती हलली नाही. घड्याळजी तिच्याकडे बघून हसला, मग पटाकडे बघून हसला, मग पुन्हा पटाकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू ओघळलं. त्याने बोट पुढे केलं. राजा... नाही. हे प्यादं... नाही. ते... तेही नाही.

काटेसाहेब चष्मा कपाळावर सरकवून वाकले. त्यांनी तिच्या प्रत्येक सोंगटीचं प्रत्येक घर तपासलं, बाजारातलं माप तपासावं तसं. मग घड्याळ थांबवलं.

“शह नाही. चाल नाही. डाव बरोबरीत,” ते म्हणाले. आणि पाटीकडे एकदा बघून, गळा साफ करत, “इथे कुणाच्या मान्यतेचा प्रश्न येत नाही.”

घड्याळजी एवढ्या मोठ्याने हसला की खालच्या वाचनालयातून कुणीतरी काठीने छत ठोकलं. “तीनदा ताट वाढून दिलं ते घेतलं नाही, आणि शेवटी हातातला घास काढून नेला हो!” औषधवाल्याने सुस्कारा टाकला, पण उठून आधी पाणी आणून त्याने तिच्याच पुढे ठेवलं.

“काय झालं? अरे, कुणी सांगाल का?” कोपऱ्यातून सासरे ओरडले. घड्याळजी तोंड उघडणार, तोच त्यांनी काठी उगारली. “नको! थांबा. सांगू नका.”

रफूताईने त्यांना हाताला धरून आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांची बोटं पटावर टेकवली.

“हा आपला राजा. कोपऱ्यात. बरं. हे प्यादं डोक्याला डोकं लावून... हे दुसरं, हेही अडलेलं.” बोटं पुढे गेली. “हा त्याचा वजीर... ही सगळी रांग खाऊन बसलाय. हा त्याचा राजा, त्याच्या पलीकडे. आणि आपला वजीर? कुठे आहे? खाली पडला का?” त्यांनी टेबलाखाली हात घातला. मग वर आणून बाजूला पडलेल्या मेल्या सोंगट्या चाचपल्या. एक उंच सोंगटी हाताला लागली. तिच्या डोक्यावरचा मुकुट त्यांनी अंगठ्याने दोनदा पुसला.

सुनेचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि तो खांदा हसण्याने हलतोय की कशाने, हे तिला कळेना.

“दिलास,” ते शेवटी म्हणाले. “बरोबरीसाठी दिलास!”

काटेसाहेबांनी संघाची वही उघडली. “चौथी खुर्ची: रफूताई. सोबत येणारं घरचं माणूस...” त्यांनी पेन थांबवलं. “हे खेळाडूने तोंडी सांगायचं असतं.”

“अहो, तुम्ही माणूस आहात की तराजू?” घड्याळजी ओरडला. “कोण येणार ते या भिंतीलाही कळतंय!”

“भिंतीने सही केली तर लिहितो.”

अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. घड्याळजी म्हणाला, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मी पुढे करतो, माझाच धंदा आहे. रफूताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट खाली बसला. घरी मात्र कुणीच गेलं नाही. औषधवाल्याने चहा मागवला. सासऱ्यांनी घड्याळजीला समोर बसवून पहिल्या चालीपासून डाव पुन्हा मांडायला लावला आणि दर दोन चालींनी त्याला “इथे डुलकी लागली होती का?” असं विचारत राहिले.

बाराचा पहिला ठोका पडला तसे सगळे गप्प झाले. बारावा पडला. काटेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. रफूताईने श्वास घेतला.

“अहो घड्याळजी, डोळे का खिशात ठेवले होते?” ती सुरू झाली. “ते प्यादं धावत होतं ना पुढे! नुसतं एक घर ढकललं असतं तर मी उठून घरी गेले असते. तुम्हाला मातच करायची हौस! आणि काटेसाहेब, काल सकाळी मी मान हलवून ‘नको’ म्हणाले, ‘नको’! हरकत नाही म्हणे! मान हलवणं पाटीवर ग्राह्य नाही आणि तुमच्या वहीत ग्राह्य आहे होय? आणि या खोलीला रंग कुठला देताहेत? हिरवा देऊ नका हो, काळी सोंगटी हिरव्या उजेडात—”

“सूनबाई,” सासरे म्हणाले.

“थांबा बाबा, मला बोलू द्या, दोन तास झाले बसलेय नुसती—”

“बोल, खुशाल बोल. पण आधी त्यांना माझं नाव सांग. त्यांची शाई वाळतेय.”